बाजारबुणगे कोणाला म्हणता?

मराठीत एखाद्याची लायकी काढायची असेल तर त्याला 'बाजारबुणगा' म्हणतात. विरोधकाच्या सभेला गर्दी जमली की ती बाजारबुणग्यांची गर्दी. एखाद्या संघटनेत कामाची माणसे कमी आणि हवशे-नवशे जास्त झाले की तिथे बाजारबुणगे शिरले. आपले कार्यकर्तेही हा शब्द सर्रास वापरतात, म्हणून आज त्याचीच झडती घ्यायची ठरवली आहे.

हा शब्द मूळचा शिवी नाही, लष्करी शब्द आहे. फौजेबरोबर चालणारा सगळा बिनलढाऊ लवाजमा म्हणजे बुणगे. धान्य विकणारे, दाणावैरण आणणारे, तंबू ठोकणारे, बैल हाकणारे, नाल ठोकणारे, पखालीने पाणी वाहणारे, कपडे धुणारे, मेलेली जनावरे ओढून नेणारे, जखमी उचलणारे, घाण काढणारे. या माणसांशिवाय फौज चार मुक्काम पुढे जाऊ शकत नव्हती. तरीही ज्यांच्या जिवावर फौज जेवत होती त्यांचे नाव भाषेत शिवी झाले आणि जो जेवत होता तो 'वीर' झाला. असे का झाले याचा विचार आपल्या इतिहासकारांनी फारसा केलेला नाही. आम्हाला तो करावासा वाटतो, कारण बुणग्यांची ही यादी पुन्हा वाचली तर ती गावगाड्यातल्या जातींची यादी वाटू लागते.

पानिपताचेच घ्या. पानिपत का हरले, या प्रश्नाला मराठी घरात हमखास मिळणारे एक उत्तर म्हणजे 'बरोबर बुणगे आणि यात्रेकरू फार होते'. आता घटनाक्रम पाहा. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतले, तिथला धान्याचा मोठा साठा हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली यमुना ओलांडून दक्षिणेला उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. दोन महिन्यांहून जास्त काळ छावणी पानिपतावर अडकून पडली. रसदीची मुख्य भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जी फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी फौज होती. एवढ्या लांबच्या मोहिमेत रसदीचा रस्ता उघडा ठेवणे हे कोणाचे काम? सेनापतीचे आणि सरदारांचे. नदीचे उतार कोणी राखायचे? त्यांनीच. पण दोष आला तो ज्याच्या हातात ना हुकूम होता ना हत्यार, त्याच्या माथी. निर्णय वरचा घेतो आणि खापर खालच्यावर फुटते, ही पद्धत आपल्याला गावात पाहायला मिळते. ती छावणीतही होती.

आकडे पाहिले की 'फार बुणगे होते' हा आक्षेप किती पोकळ आहे ते कळते. १८३८-३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज अफगाणिस्तानवर चालून गेली तेव्हा बंगालच्या तुकडीत सुमारे साडेनऊ हजार लढाऊ शिपाई होते. त्यांच्यामागे सुमारे ३८ हजार बिनलढाऊ माणसे आणि ३० हजार उंट होते. एका शिपायामागे चार माणसे. इंग्रजांच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात ठेवावे. जानेवारी १८४२ मध्ये ही फौज काबूल सोडून परत निघाली तेव्हा साडेचार हजार शिपाई आणि सुमारे बारा हजार बिनलढाऊ माणसे बर्फात चालत होती. त्यांत बायका-मुलेही होती. जवळजवळ सगळे मेले. जगाच्या लक्षात राहिला तो जलालाबादला घोड्यावरून पोचलेला एक इंग्रज डॉक्टर, ब्रायडन. त्याचे तैलचित्र झाले, ते आजही छापले जाते.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी येऊ. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईवर दर वर्षी वाद झडतात. कोण जिंकले, किती विरुद्ध किती, लढाई कोणासाठी होती. हे वाद व्हायलाच हवेत. पण त्या दिवशीची एक साधी गोष्ट आपण विसरतो. कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली आणि रात्रभर सुमारे २७ मैल चालून सकाळी कोरेगावला पोचली. झोप नाही, जेवण नाही. आठशेच्या आसपास माणसे. समोर पेशव्यांची फौज. शेजारी भीमा वाहत होती, पण पेशव्यांच्या अरबांनी नदीकडची वाट धरून ठेवली होती, म्हणून गावात अडकलेल्यांना दिवसभर पाणी मिळेना. तहानेने व्याकूळ होऊन काही तोफचींनी शरण जाण्याची भाषा सुरू केली होती. अंधार पडल्यावर पाण्यापर्यंत पोचता आले आणि तुकडी तगली. दुसऱ्या दिवशीच्या रात्री स्टाँटन जखमींना घेऊन शिरूरला परतला, कारण अन्न नव्हते आणि दारूगोळाही संपत आला होता.

म्हणजे त्या दिवसाचा निम्मा इतिहास पाण्याचा आणि रसदीचा आहे. विजयस्तंभावर कंपनीच्या पडलेल्या सैनिकांची नावे आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे आणि आपण तिथे माथा टेकतो तो त्या 'नाक'साठी. शंभर वर्षांनंतरही ती नावे वाचता आली म्हणून आपल्याला स्वतःचा इतिहास सापडला. एक नाव दगडावर असणे किती मोलाचे असते हे आपल्याइतके कोणाला कळणार? म्हणूनच ज्यांची नावे कुठल्याच दगडावर गेली नाहीत त्यांच्याबद्दल बोलणे हे आपलेच काम आहे.

त्यात पहिले नाव बंजाऱ्यांचे. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये कोणाचीही मोठी फौज हलायची ती बंजाऱ्यांच्या बैलांवर. लाखो बैलांचे तांडे धान्य, मीठ, दाणा घेऊन फौजेच्या मागे-पुढे चालत. मोगलांनी दख्खनच्या मोहिमांत त्यांचा आधार घेतला, मराठ्यांनी घेतला, निजामाने घेतला. टिपूविरुद्धच्या मोहिमांत कॉर्नवॉलिसने आणि पुढे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढताना आर्थर वेलस्लीनेही घेतला. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा हाच तो वेलिंग्टन. रसदीचे शास्त्र तो दख्खनच्या मातीत, बैलांच्या चालीवर शिकला, असे त्याच्यावर लिहिणारे इंग्रजही मानतात. बंजारा कोणाचा चाकर नव्हता. तो धान्याचा व्यापारी होता, दोन्ही बाजूंना माल विकत असे आणि दोन्ही फौजा त्याच्या तांड्याला सहसा हात लावत नसत, कारण तांडा लुटला तर पुढच्या मुक्कामाला स्वतःच उपाशी राहावे लागेल हे सेनापतीला कळत होते.

मग काय झाले? दख्खनच्या लढाया संपल्या. पक्के रस्ते झाले. मिठावर सरकारी मक्तेदारी आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रुळांचे जाळे देशभर पसरले. बैलाच्या पाठीवरचे धान्य वाघिणीत गेले. कंपनीला ज्याची गरज होती तो बंजारा राणीच्या सरकारला आता नुसता भटकणारा, संशयास्पद माणूस दिसू लागला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे ठिकठिकाणी बंजाऱ्यांच्या गटांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. हजेरी, परवाना, पोलीस पाटलाची नजर. ज्यांनी फौजांना जेवू घातले त्यांच्या नातवंडांना रात्री पोलीस चौकीत हजेरी लावावी लागली. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, प्रजासत्ताक होऊन दोन वर्षे उलटल्यावर. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे. 'विमुक्त' हा शब्द उच्चारताना हा सगळा हिशेब आठवावा.

बंजाऱ्यांच्या बाजूला निदान बैल होते आणि व्यापार होता. आपल्या माणसांच्या बाजूला तेही नव्हते. गावावरून पलटण निघाली, साहेबाचा दौरा आला, की सामान वाहायला बिगारी कोण? वतनदार महार. मुक्कामाला लाकूडफाटा कोण आणणार, घोड्यांना गवत कोण कापणार, पुढच्या गावापर्यंत वाट कोण दाखवणार? तोच. मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकरी. सरकारी रसदखात्याच्या हिशेबात हा खर्च दिसतच नाही, कारण तो खर्च गावगाड्याने जातीच्या नावावर फुकट वसूल केलेला होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच फुकट राबणुकीच्या मुळावर घाव घालण्यासाठी.

दरम्यान लष्करात 'लढाऊ जमाती'चे खूळ शिरले होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची शिपाई म्हणून भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. कोरेगावचा दाखला देऊन, आमचे बापजादे लढले आहेत, आम्हाला पुन्हा घ्या, असे ते मागत राहिले. लक्षात घ्या, बंदी आली ती बंदुकीवर. छावणीतल्या झाडूवर, पाटीवर, मैल्याच्या बादलीवर अस्पृश्यांना कधीच बंदी आली नाही. पाणी वाहायचे काम मात्र भिस्त्याकडे, कारण सवर्ण शिपायाला पाणी कोणाच्या हातचे चालते याचाही लष्कर हिशेब ठेवत होते. इंग्रजांनी जात मोडली असे म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी छावणीच्या स्वयंपाकघराकडे आणि संडासाकडे पाहायला सांगतो.

पहिल्या महायुद्धात हे सगळे उघड्यावर आले. १९१९ अखेरपर्यंत हिंदुस्थानातून भरती झालेल्यांत सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ होते आणि ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ. लष्करी कागदांत या दुसऱ्या गटाला 'फॉलोअर' म्हणत. त्यातही दोन वर्ग. खेचरे हाकणारे, डोलीतून जखमी नेणारे हे जरा वरचे. धोबी, मोची, स्वयंपाकी, भिस्ती, भंगी हे खालचे. पगार, कपडे, जखमी झाल्यावरची पेन्शन, सगळीकडे ही उतरंड. इतिहासकार राधिका सिंघा यांनी या माणसांवर 'द कुलीज ग्रेट वॉर' हा मोठा ग्रंथ लिहिला आहे, तो आपल्या अभ्यासवर्गात यायला हवा. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारने तुरुंग उघडले. हजारो कैद्यांना शिक्षेत सूट देतो म्हणून हमालीसाठी बसऱ्याला नेले. त्यांत सफाई कामगारांची खास मागणी होती, कारण ते काम दुसरे कोणी करायला तयार नव्हते. फ्रान्सला गेलेल्या मजूर पलटणींत संथाळ, मुंडा, उरांव, नागा, खासी, लुशाई अशा आदिवासींचा भरणा मोठा होता. मणिपूरच्या डोंगरांत या भरतीला विरोध झाला आणि १९१७ ते १९१९ कुकी लोकांनी इंग्रजांशी लढाई केली. ते बंड मुळात 'आम्ही तुमचे ओझे वाहणार नाही' या नकारातून पेटले, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

रसद कोलमडली की काय होते ते कुत-अल-अमारात दिसले. डिसेंबर १९१५ पासून टाउनशेंडची फौज तिथे वेढ्यात अडकली. बसऱ्याच्या बंदरात धक्के नीट नव्हते, तैग्रिस नदीवर बोटी पुरेशा नव्हत्या. सुटकेसाठी पाठवलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. त्या सुमारे तेरा हजारांत तीन हजारांहून जास्त फॉलोअर होते. पुढे कैदेत शिपायांइतकेच तेही चालले आणि मेले. चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पानिपतापेक्षा इंग्रज एका बाबतीत बरे, दोष निदान वरपर्यंत पोचला.

युद्ध संपल्यावर पदके वाटली. ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचे. मजूर पलटणीतल्या माणसाला आणि फॉलोअरला तेच पदक, तोच राजाचा चेहरा, पण काशाचे. गोळी दोघांनाही सारखीच लागत होती. धातू मात्र वेगळा. मनुस्मृती न वाचताही मनूचे काम कसे करता येते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

कबरींचेही तेच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केले की आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थानातल्या किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही. त्यांत मोठा भाग पूर्व आफ्रिकेतल्या ओझेवाल्यांचा. तिथे 'कॅरिअर कोअर' नावाची हमालांची फौज होती. तिचे तळ जिथे होते त्या नैरोबीतल्या वस्तीला आजही कारिओकोर म्हणतात आणि दार-एस-सलामच्या मोठ्या बाजारपेठेला कारियाकू. त्या लोकांनी ओझेवाल्यांचे नाव पत्त्यात जपले. मराठीने शिवीत जपले.

अमेरिकेचा दाखला दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लष्कर वर्णानुसार विभागलेले होते आणि बहुतेक काळ्या सैनिकांना लढाईऐवजी सामान वाहण्याच्या, बंदरावरच्या, रस्त्यांच्या कामाला लावले जात होते. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅटनचे रणगाडे फ्रान्समध्ये इतके पुढे धावले की पेट्रोल संपू लागले. तेव्हा 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची ट्रकची साखळी सुरू झाली. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर अशी ती चालली. भर ओघात सुमारे सहा हजार गाड्या रोज साडेबारा हजार टन माल पोचवत होत्या. चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश काळे होते. गाजलेला चित्रपट मात्र निघाला तो पॅटनवर.

त्याच वर्षी १७ जुलैला कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो बंदरावर दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांत २०२ काळे होते. माल चढवणारे सगळे काळे, हुकूम देणारे सगळे गोरे, आणि कोणाची टोळी जास्त वेगाने चढवते यावर अधिकाऱ्यांच्या पैजा लागत. स्फोट कसा झाला, पुढे काळजी काय घेणार, हे कोणी सांगेना, म्हणून वाचलेल्यांनी पुन्हा कामावर जायला नकार दिला. पन्नास जणांवर बंडाचा खटला भरला आणि शिक्षा झाल्या. थर्गूड मार्शल त्यांच्या बाजूने उभे राहिले. नौदलाने त्यांना निर्दोष ठरवले १७ जुलै २०२४ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी. तोपर्यंत त्या पन्नासांतला कोणीही जिवंत नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, ते काही नुसत्या घोषणांच्या आकर्षणापोटी नव्हते. दोन्हीकडे ओझ्याखालचा खांदा ओळखीचा होता.

आता एक आक्षेप. आपले काही तरुण म्हणतात, आम्ही लढवय्यांचे वारस आहोत, तुम्ही आम्हाला हमाल आणि झाडूवाल्यांच्या रांगेत का बसवता? ही नाराजी आम्हाला समजते. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ आला, तो अभिमान खराच आहे आणि तो झगडून मिळवलेला आहे. वलंगकर, कांबळे यांना 'आम्ही लढवय्ये आहोत' असेच म्हणावे लागले, कारण समोरच्याला तीच भाषा कळत होती. पण त्या भाषेत एक सापळा आहे. बंदूक धरणारा श्रेष्ठ आणि पाणी देणारा हलका, हे एकदा मान्य केले की 'लढाऊ जमात' हा रॉबर्ट्स साहेबांचा सिद्धांत आपण आपल्याच हाताने पुढे चालवतो. मग क्षत्रियत्व मागणाऱ्या इतर जातींत आणि आपल्यात फरक तो काय? ज्या आजोबांनी पाटी उचलली त्यांची लाज वाटणे, ही शिकवण बाबासाहेबांची नाही.

आणि हे काही जुनेपुराणे प्रकरण नाही. लडाखच्या सीमेवरचे रस्ते बांधायला आणि बर्फ काढायला दर उन्हाळ्यात झारखंडच्या दुमका भागातून मजूर जातात. २०२० मध्ये चीनशी तणाव वाढला तेव्हा त्यांच्या मजुरीवरून आणि वागणुकीवरून झारखंड सरकारला सीमा रस्ते संघटनेकडे लेखी हमी मागावी लागली. १९१७ मध्ये फ्रान्सला मजूर पाठवणारा संथाळ परगणा तो हाच. आजच्या अग्निवीर भरतीत आठवी पास उमेदवारांसाठी हाउसकीपर आणि मेसकीपर अशी पदे असतात. तिथे कोणत्या घरांतली मुले अर्ज करतात ते भरती मेळाव्याच्या रांगेत उभे राहून पाहावे.

शेवटी महाडकडे जाऊ, कारण रसदीचे हे ज्ञान आपल्या चळवळीनेही वापरले आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला हजारो माणसे येणार होती. जागा कोणी हिंदू देईना, ती एका मुस्लिम गृहस्थाने दिली. गावातल्या दुकानदारांनी परिषदेला काहीही विकायचे नाही असा कट केला, तेव्हा धान्य आणि सगळे सामान बाहेरगावाहून आणून कोठी भरावी लागली. छावणीची शिस्त निवृत्त सैनिकांनी सांभाळली. इतक्या लोकांना जेवू घालणारी ती कोठी कोणी चालवली, चुली कोणी पेटवल्या, पोती कोणी वाहिली, हे ज्यांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळाले असेल त्यांनी ते लिहून काढावे, आम्ही ते छापू. त्याच वर्षी मार्चमध्ये, चवदार तळ्यावर जाण्याच्या आधी, परिषदेला आलेल्यांसाठी पिण्याचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. चाळीस रुपयांचे.